हलते आलेख : प्रस्तावना

वर्गसमीकरणाचा आलेख पॅराबोला असतो, हे अकरावीत आलेल्या विद्यार्थ्याला पाठ असते. एक्सवर्गाचा सहगुणक ए धन असेल तर तो वर उघडतो, ऋण असेल तर खाली, आणि सी म्हणजे वाय अक्षावर आलेख जिथे छेदतो ती जागा, हेही तो न अडखळता सांगतो. मग त्याला विचारावे, ए आणि सी तसेच ठेवून मधला बी तेवढा वाढवत नेला तर आलेखाचे काय होईल? बहुतेक वर्गांत पहिले उत्तर ठरलेले असते: आलेख बाजूला सरकेल. उत्तर अर्धे बरोबर आहे, आणि राहिलेल्या अर्ध्या भागातच खरी गंमत आहे. पण वहीवर ते पडताळून पाहायचे तर बीच्या पाच-सहा किमती घ्या, प्रत्येकीची सारणी करा, एकाच आलेख कागदावर पाच-सहा वक्र काढा. तेवढ्यात तासिका संपते. त्यामुळे हा प्रश्न वर्गात विचारलाच जात नाही.

जिओजेब्रा उघडा आणि वाय बरोबर ए एक्सवर्ग अधिक बी एक्स अधिक सी एवढेच लिहून एंटर दाबा. ए, बी, सी यांना किंमत दिलेली नाही हे ओळखून सॉफ्टवेअर प्रत्येकासाठी एक स्लायडर स्वतःच बनवते. त्याची पट्टी उणे ५ पासून ५ पर्यंत असते आणि टप्पा ०.१ चा. ए आणि सी दोन्ही १ वर ठेवा आणि बी हळूहळू शून्यापासून उजवीकडे न्या. आलेख डावीकडे सरकतो आणि त्याच वेळी खालीही उतरतो. बी शून्यापासून उलट दिशेने न्या, आलेख उजवीकडे जातो आणि पुन्हा खालीच उतरतो. वर्गातून कोणीतरी हमखास म्हणते, ‘सर, हा तं खाली चालला ना!’ तिथून पुढचा तास शिकवावा लागत नाही, तो आपोआप चालतो.

आता शिरोबिंदूवर एक ठिपका ठेवा आणि त्याचा माग उमटू द्या. बी शून्य असताना ठिपका (०, १) वर असतो, बी २ झाला की (-१, ०) वर, ४ झाला की (-२, -३) वर. बी मागे-पुढे फिरवला की या ठिपक्यांतून एक दुसरा पॅराबोला उमटतो, खाली तोंड असलेला. त्याचे समीकरण वाय बरोबर १ उणे एक्सवर्ग. असे का व्हावे? शिरोबिंदूचा एक्स हा उणे बी भागिले दोन ए असतो, आणि तिथला वाय म्हणजे सी उणे ए गुणिले त्याच एक्सचा वर्ग. दोन ओळींची बीजगणिती मांडणी आहे. ती फळ्यावर आधी लिहिली असती तर कोणी वर पाहिले नसते. माग उमटलेला पाहिल्यावर मात्र ती मुलांना स्वतःहून हवी असते.

आणखी एक गोष्ट त्याच पडद्यावर आहे, तिच्याकडे मी सहसा शेवटी लक्ष वेधतो. बी कितीही हलवा, सगळे वक्र (०, १) मधून जातात. त्या बिंदूपाशी आलेख मोठा करून पाहा. बी धन असेल तर वक्र तिथे चढत जातो, ऋण असेल तर उतरत जातो, शून्य असेल तर क्षणभर सपाट असतो. म्हणजे वाय अक्ष ओलांडताना आलेखाचा जो चढ असतो, तोच बी. ए आणि सी यांचा अर्थ पुस्तकात सांगितलेला असतो, बीचा अर्थ सांगायचा राहून जातो, आणि विकलन शिकायच्या आधीच तो असा हाती लागतो.

या पुस्तकाचा विषय हाच: गणिती सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर लावून आलेख कसा हलता करायचा, कशासाठी करायचा, आणि कधी करू नये. पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर हिंगणा परिसरातले वाचक होते. नागपूरहून हिंगण्याला जाणाऱ्या रस्त्यावर वानाडोंगरीचे यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ पासून आहे, पुढे त्याच पट्ट्यात डिगडोहच्या बाजूला आणखी अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. पलीकडे एमआयडीसीचे कारखाने आहेत. २०२० च्या जानेवारीत मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत आली, आणि सीताबर्डीहून येणारा विद्यार्थी व कारखान्यातला तंत्रज्ञ एकाच डब्यात बसू लागले. याच तालुक्यात, रस्त्यापासून थोडे आत गेले की अशा शाळा आहेत जिथे संगणक मोजके आहेत आणि वीज बेभरवशाची. या तिघांना एकच पुस्तक चालेल का, हा प्रश्न मला लिहिताना सतत होता. चालेल असे माझे मत झाले, कारण तिघांची अडचण एकच आहे. सूत्र त्यांना माहीत असते, पण त्यातला एक आकडा बदलला की काय बदलते याचा अंदाज त्यांच्यापाशी नसतो. अभियंते ज्याला हाताचा अंदाज म्हणतात तो हाच, आणि तो घडवायला हलता आलेख फार उपयोगी पडतो.

ही कल्पना संगणकाबरोबर आली असे वाटते, पण ती त्याहून जुनी आहे. विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले, यांनी १८७० च्या दशकात भरती-ओहोटी वर्तवणारे यंत्र उभारले. भरतीची उंची म्हणजे चंद्र, सूर्य यांच्यामुळे उठणाऱ्या अनेक साइन लहरींची बेरीज. यंत्रात प्रत्येक लहरीसाठी एक चाक, चाकाच्या भुजेची लांबी म्हणजे त्या लहरीचा आयाम. बंदर बदलले की भुजांची मापे बदलायची, दांडा फिरवायचा, की पेन कागदावर त्या बंदराच्या भरतीचा आलेख काढत जाई. असे एक यंत्र १८७९ मध्ये इंडिया ऑफिससाठी खास हिंदुस्थानातल्या बंदरांकरिता बनवले गेले. १८९८ मध्ये अमेरिकेत मायकेलसन आणि स्ट्रॅटन यांनी ८० लहरींची बेरीज करणारे यंत्र बनवले, त्यात तर प्रत्येक लहरीचा आयाम एक दांडी पट्टीवर सरकवून ठरवायचा होता. आज पडद्यावर आपण जे करतो ते लोखंड-पितळेत तेव्हाच होऊन गेले होते.

संगणकावरचा प्रवास थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला १९८० च्या दशकात काब्री आणि अमेरिकेत १९९१ मध्ये जिओमीटर्स स्केचपॅड ही सॉफ्टवेअरे आली, आणि भूमितीची आकृती हाताने ओढता येऊ लागली. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात जिओजेब्राचे काम सुरू केले. त्यात भूमिती आणि बीजगणित एकाच पडद्यावर आले, आणि शाळा-महाविद्यालयांसाठी ते मोफत असल्यामुळे जगभर पसरले. २००७ मध्ये मॅथेमॅटिकाच्या सहाव्या आवृत्तीत मॅनिप्युलेट नावाची आज्ञा आली. कोणतेही सूत्र तिच्यात गुंडाळा, चलाच्या मर्यादा सांगा, स्लायडर तयार. ही सोय इतकी सहज होती की सेज आणि पुढे ज्युपिटर यांनीही इंटरॅक्ट या नावाने तशीच सोय केली. २०११ मध्ये डेस्मॉस आले आणि फोनवरही हे शक्य झाले. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने जिओजेब्राचे धडे मराठीतूनही उपलब्ध केले. एकेक धडा दहा मिनिटांच्या आसपास, ऐकता ऐकता शेजारच्या खिडकीत करून पाहायचा. ज्याने कधी हे सॉफ्टवेअर उघडलेले नाही त्याने या पुस्तकाआधी ते धडे पाहावेत. कोणते बटण कुठे आहे हे मी पुस्तकात फारसे सांगितलेले नाही, कारण बटणांच्या जागा दर आवृत्तीत बदलतात.

बटणांपेक्षा मी ज्या गोष्टींवर पाने खर्च केली आहेत, त्यांतली पहिली अक्षांची. वाय बरोबर ए साइन एक्स हा आलेख प्रोग्राम लिहून काढा, पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये किंवा मॅथेमॅटिकामध्ये, आणि अक्षांच्या मर्यादांबद्दल काहीच सांगू नका. दर वेळी चित्र नव्याने काढा. आता ए हा १ पासून १० पर्यंत न्या. पडद्यावरची लहर जागची हलत नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी आलेख चौकटीत नीट मावावा म्हणून अक्ष ताणते, त्यामुळे लहर होती तेवढीच दिसते, आणि डावीकडचे बारीक आकडे तेवढे बदलतात. विद्यार्थी आकड्यांकडे पाहत नाही, वक्राकडे पाहतो. त्याला दिसते ते असे, की आयाम दहापट केला तरी काही फरक पडत नाही. चुकीचे शिकवणारा आलेख यापेक्षा सोपा बनवता येणार नाही. म्हणून या पुस्तकातला पहिला नियम: स्लायडर लावण्याआधी दोन्ही अक्ष खिळवून टाका. मर्यादा अशा ठेवा की स्लायडर शेवटच्या टोकाला गेला तरी आलेखाचा महत्त्वाचा भाग चौकटीबाहेर जाणार नाही. म्हणजे मोठ्यात मोठी किंमत कोणती येईल हे आधी कागदावर काढावे लागते. निम्मे गणित तिथेच होऊन जाते, आणि ते व्हावेच.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. हिंगणा एमआयडीसीत महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना आहे, आणि आसपासच्या महाविद्यालयांतल्या यांत्रिकी शाखेच्या मुलांना ट्रॅक्टर हा परका विषय नाही. अनेकांच्या घरी तो आहे. म्हणून कंपनांच्या प्रकरणात उदाहरण घेतले आहे ट्रॅक्टरच्या सीटचे. चालक आणि सीट मिळून वस्तुमान ८० किलो, खाली स्प्रिंग मीटरला ८,००० न्यूटन ताठपणाची, शेजारी एक डॅम्पर. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून घेतलेले आहेत, कोणत्याही एका यंत्राचे नाहीत. सीट ५ सेंटीमीटर दाबली आणि सोडली, पुढे काय होते याचा आलेख काढायचा. आडव्या अक्षावर वेळ शून्य ते ३ सेकंद, उभ्या अक्षावर सीटची जागा उणे ५ ते ५ सेंटीमीटर. स्लायडर एकच: डॅम्परचा गुणांक, शून्यापासून २,४०० पर्यंत.

शून्यावर सीट सेकंदाला साधारण दीड वेळा वर-खाली होत राहते, थांबतच नाही. स्लायडर १६० वर आणा. सोडल्यावर सीट विरुद्ध बाजूला ३.६ सेंटीमीटरपर्यंत जाते, मग परत, मग पुन्हा, आणि ३ सेकंदांनी हेलकावा मूळच्या विसाव्या हिश्शावर येतो. ८०० वर विरुद्ध बाजूचे जाणे जेमतेम ०.८ सेंटीमीटर उरते. १,६०० वर ते पूर्ण बंद होते, सीट एकदाच मुकाट जागेवर येते. इथवर सगळ्यांचा अंदाज बरोबर निघतो: डॅम्पिंग वाढवले की हेलकावे कमी. पण स्लायडर २,४०० पर्यंत न्या. सीट आता जागेवर यायला जास्त वेळ घेते. ‘जास्त डॅम्पिंग म्हणजे लवकर स्थिर’ हा समज इथे मोडतो, आणि १,६०० या आकड्यात काय विशेष आहे हा प्रश्न उभा राहतो. उत्तर सूत्रात आहे: वस्तुमान आणि ताठपणा यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, त्याची दुप्पट. ८० गुणिले ८,००० म्हणजे ६,४०,०००, वर्गमूळ ८००, दुप्पट १,६००.

एवढे झाले की मग दुसरा स्लायडर आणायचा, वस्तुमानाचा. डॅम्पर १,६०० वरच ठेवून वस्तुमान ६० केले तर सीट गरजेपेक्षा सुस्तपणे परत येते, कारण आता तो विशेष आकडा १,३८६ च्या आसपास उतरला आहे. वस्तुमान १०० केले तर तो १,७८९ च्या आसपास चढतो, आणि सीट किंचित पलीकडे जाऊन परत येते. तीच सीट, तोच डॅम्पर, चालक तेवढा बदलला. चालकाचे वजन हा सीट बनवणाऱ्यासाठी प्रश्न का असतो, हे इथे डोळ्यांना दिसते. दोन्ही स्लायडर आरंभीच दिले असते तर विद्यार्थ्याने दोन्ही एकदम फिरवले असते आणि त्याच्या हाती काही लागले नसते. एका वेळी एक प्रश्न, एका प्रश्नाला एक स्लायडर. तीनपेक्षा जास्त स्लायडर असलेला आलेख मी या पुस्तकात कुठेही ठेवलेला नाही. इंटरनेटवर आठ-दहा स्लायडरांचे आलेख पुष्कळ सापडतात, बनवणाऱ्याचे कौशल्य त्यांत दिसते, पण शिकणाऱ्याला त्यांतून वाट सापडत नाही.

त्याच कारणाने मी आपोआप हलणाऱ्या आलेखाच्या, म्हणजे ॲनिमेशनच्या बाजूने नाही. बटण दाबले की स्लायडर स्वतःच इकडून तिकडे जात राहतो, मुले ते आवडीने पाहतात, आणि पाहून झाल्यावर त्यांना विचारले तर काहीच सांगता येत नाही. हात स्वतःचा असला की थांबता येते, मागे जाता येते, शंका आली त्या जागी रेंगाळता येते. आणि हलवण्याआधी अंदाज लिहून ठेवलेला असला पाहिजे. पुस्तकातल्या प्रत्येक आलेखाआधी एक रिकामी चौकट छापली आहे ती त्यासाठी. चौकटीत पेन्सिलीने आकृती काढायची, मग स्लायडरला हात लावायचा. अंदाज चुकला तर ती चौकट खोडू नये. चुकलेला अंदाज आणि खरा आलेख शेजारी शेजारी राहिले की दोन्ही लक्षात राहतात.

स्लायडर काय दाखवू शकत नाही, याचे एक पूर्ण प्रकरण आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुन्हा वर्गसमीकरणाकडे येऊ. ए १ ठेवा, सी २ ठेवा, आणि बी असा शोधा की आलेख एक्स अक्षाला नेमका स्पर्श करेल. बी २.८ वर असताना आलेख अक्षाच्या वर तरंगतो, मुळे नाहीत. २.९ वर तो अक्ष दोनदा छेदतो, मुळे दोन. स्पर्श कुठे आहे? टप्पा ०.०१ करा. २.८२ वर मुळे नाहीत, २.८३ वर दोन. टप्पा आणखी दहापट बारीक करा, पुन्हा तेच. मुले टप्पा बारीक करत जातात आणि कधीतरी पडद्यावर स्पर्श झाल्यासारखे दिसते, कारण रेषेलाच जाडी असते. पण विवेचक काढला की कळते, बीचा वर्ग ८ असायला हवा, म्हणजे बी हवा २ वर्गमूळ २. ही संख्या अपरिमेय आहे. स्लायडर दशांश टप्प्यांनी चालतो, तो या संख्येवर कधीच थांबणार नाही, टप्पा कितीही बारीक असो. पडद्यावर दिसलेला स्पर्श हा पडद्याचा आहे, गणिताचा नाही. स्लायडर अंदाज देतो, शंका देतो, कुठे पाहायचे ते सांगतो. सिद्धता वहीतच द्यावी लागते. ज्या शिक्षकांना अशी भीती वाटते की या साधनांमुळे मुले बीजगणित सोडून देतील, त्यांनी हे उदाहरण वर्गात एकदा करून पाहावे. बीजगणिताची गरज इतक्या ठसठशीतपणे दुसरीकडे कुठे पटत नाही.

मर्यादांचा आणखी एक प्रकार दिवसाच्या लांबीच्या उदाहरणात आहे. हिंगणा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला त्याचे कोनीय अंतर, आणि आपला अक्षांश यांच्या टॅन्जंटांचा गुणाकार घेतला आणि त्याच्या ऋण किमतीएवढा कोसाइन असलेला कोन काढला की त्यावरून वर्षातल्या कोणत्याही दिवसाची लांबी निघते. २१ अंशांवर हा हिशेब जूनच्या सर्वांत मोठ्या दिवसासाठी १३ तास १७ मिनिटे देतो आणि डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसासाठी १० तास ४३ मिनिटे. वातावरणामुळे प्रकाश वाकतो आणि सूर्याचे बिंब बिंदूएवढे नसते, म्हणून प्रत्यक्षात दिवस सात-आठ मिनिटे अधिक मोठा असतो. वर्तमानपत्रातल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा घेऊन हा फरक मुलांनी स्वतः काढावा. मग अक्षांशाला स्लायडर लावायचा. शून्यावर, म्हणजे विषुववृत्तावर, आलेख १२ तासांची सरळ आडवी रेषा असतो. २१ वर आपली सौम्य लहर येते. लंडनच्या ५१.५ वर जूनमधला दिवस १६ तास २४ मिनिटांवर जातो. अक्षांश कोणताही असो, विषुवदिनांपाशी सगळे आलेख १२ तासांवर एकमेकांना भेटतात.

आणि ६६.५ अंशांच्या थोडे पुढे गेल्यावर आलेख मध्येच तुटतो, किंवा प्रोग्राम चूक दाखवतो. गुणाकार १ च्या पुढे गेला, आणि ज्याचा कोसाइन १ पेक्षा मोठा असा कोन नसतो. घाईचा प्रोग्रामर इथे स्लायडरची मर्यादाच ६६ वर आणून ठेवतो. मी तसे करू नका म्हणतो. सूत्र जिथे मोडते तिथेच उत्तर ध्रुवाच्या बाजूला सूर्य न मावळणारे दिवस सुरू होतात. सूत्राची चूक ही पृथ्वीवरची खरी गोष्ट आहे. तिथे दिवस २४ तास किंवा शून्य तास असे प्रोग्रामला सांगायचे, आणि स्लायडर ९० पर्यंत जाऊ द्यायचा. याच प्रकरणात शून्य सावलीचे दिवसही आहेत. सूर्याची क्रांती आपल्या अक्षांशाएवढी झाली की भरदुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आपल्याकडे हे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर घडते. जुलैतला दिवस ढगांत जातो, मेमधला मात्र अंगणात काठी रोवून पाहता येतो.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण त्यांवर लोक तासन्‌तास घालवतात. मॅटप्लॉटलिबमध्ये स्लायडर एखाद्या फंक्शनच्या आत बनवला आणि तो कुठेही जपून ठेवला नाही, तर फंक्शन संपताच पायथन त्याला कचरा समजून काढून टाकते. स्लायडर पडद्यावर दिसत राहतो, पण ओढला तरी हलत नाही. त्याला एका चलात धरून ठेवले की तो जिवंत राहतो. दुसरी गोष्ट वेगाची. स्लायडर ओढताना वाटेतल्या प्रत्येक किमतीला सॉफ्टवेअर आलेख नव्याने काढते, आणि जुन्या संगणकावर ते मागे पडते. तेव्हा संपूर्ण चित्र पुसून पुन्हा काढू नये, असलेल्या रेषेचे फक्त वाय बदलावेत. वक्रासाठी चारशे बिंदू बहुतेक वेळा पुरतात, वीस हजारांची गरज नसते. एवढ्यानेही भागले नाही तर बोट उचलल्यावरच आलेख बदलावा अशी सोय ज्युपिटर आणि मॅथेमॅटिका या दोन्हींत आहे.

ज्या शाळेत संगणकांची खोलीच नाही, तिथे फोनवर भागते. डेस्मॉस आणि जिओजेब्रा दोन्ही फोनवर चालतात, जिओजेब्रा एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसले तरी चालते. एका फोनभोवती तिघांनी बसावे. एकाने अंदाज मोठ्याने सांगावा, दुसऱ्याने तो लिहावा, तिसऱ्याने स्लायडर सरकवावा, आणि पुढच्या प्रश्नाला जागा बदलाव्यात. ज्याच्या हाती फोन त्यालाच सगळे समजते आणि बाकीचे दोघे नुसते बघतात, असे होऊ देऊ नये. मुलींच्या हाती फोन शेवटी येतो, हे बऱ्याच वर्गांत दिसते. शिक्षकांनी तिकडे मुद्दाम लक्ष द्यावे.

पुस्तकात तयार आलेख दिले आहेत, पण तयार आलेख सरकवून पाहणे हा या विषयाचा लहान भाग आहे. मोठा भाग स्वतः बनवण्याचा. अक्षांच्या मर्यादा कुठे ठेवायच्या, टप्पा किती, शून्य किंमत घेऊ द्यायची की नाही, ए शून्य झाला की पॅराबोलाची रेषा होते आणि शिरोबिंदू नाहीसा होतो तेव्हा काय दाखवायचे, हे ठरवताना सूत्राची जी ओळख होते ती दुसऱ्याचा स्लायडर ओढून होत नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक प्रश्न आहे, त्याचा आलेख पुस्तकात नाही. विहिरीतल्या पाण्याची पातळी, संत्र्याच्या बागेतल्या ठिबकची वेळ, कर्जाचा हप्ता, मोटरसायकल थांबायला लागणारे अंतर, असे ते प्रश्न आहेत.

वाचकांना एवढीच विनंती आहे. प्रकरणे क्रमानेच वाचावीत, पहिल्या तीन प्रकरणांत प्रोग्राम लिहिण्याची गरज नाही. पुस्तक उघडताना शेजारी आलेख कागद, पेन्सिल आणि संगणक किंवा फोन असावा, आणि चौकट भरल्याशिवाय स्लायडरला हात लावू नये. शिक्षकांनी यातले आलेख आपल्या वर्गासाठी मोकळेपणाने बदलावेत, त्यांत आपल्या गावचे आकडे घालावेत आणि शेजारच्या शाळेलाही द्यावेत.